एकाच बोर्डावर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असतील तर स्कीमॅटिकमध्ये ते वेगवेगळे कसे दाखवायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बोर्डाला १२ व्होल्टचा ॲडाप्टर, मग फ्यूज आणि उलट पोलॅरिटीचा डायोड, त्यातून बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज खाली आणणारं स्विचिंग सर्किट) ५ व्होल्ट, त्या ५ मधून एलडीओने (लिनिअर रेग्युलेटर) ३.३, आणि वर प्रोग्रॅमिंगसाठी यूएसबी, तिच्यातूनही ५ व्होल्ट येतात. ईएसपी३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर) ३.३ वर, अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ वर, रिले १२ वर. कीकॅडमध्ये (स्कीमॅटिक म्हणजे सर्किटची आकृती आणि त्यावरून पीसीबी काढायचं सॉफ्टवेअर) तुम्ही सगळीकडे व्हीसीसीचं एकच सिम्बॉल लावलं, शेजारी टेक्स्ट टूलने "१२ व्होल्ट", "५ व्होल्ट" असं लिहिलं, आणि पीसीबी उघडल्यावर सगळे सप्लाय एकमेकांना जोडलेले दिसले. शिवाय ईआरसी (स्कीमॅटिकमधल्या जोडण्या तपासणारी चाचणी) म्हणतंय की पॉवर इनपुट पिनला कोणी ड्राइव्ह करत नाहीये. मग प्रत्येक व्होल्टेजला वेगळं सिम्बॉल घ्यायचं का, असं तुम्ही विचारताय.

घ्यायचंच. पण वेगळं हवं ते नाव, चित्र नव्हे. स्कीमॅटिक सॉफ्टवेअरला व्होल्टेज हा प्रकारच माहीत नसतो. त्याला फक्त नेटचं (एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटाचं) नाव कळतं, आणि पॉवर सिम्बॉल म्हणजे दुसरंतिसरं काही नसून अख्ख्या प्रोजेक्टभर लागू होणारं लेबल आहे. दोन ठिकाणी एकच नाव दिसलं की मधे वायर असो नसो, शीट वेगळं असो नसो, सॉफ्टवेअर ते जोडून टाकतं. तुम्ही शेजारी लिहिलेलं टेक्स्ट ही नुसती टीप आहे, ती नेटलिस्टमध्ये (कुठली पिन कुठल्या नेटवर या यादीत) जातच नाही. म्हणजे तुम्ही कागदावर तीन सप्लाय काढलेत आणि सॉफ्टवेअरला व्हीसीसी नावाचा एक सांगितलात, त्याने सांगितलं तसं जोडलं.

(पुढे मी नावं देवनागरीत लिहितोय, सॉफ्टवेअरमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.)

कीकॅडच्या पॉवर लायब्ररीत +१२व्ही, +५व्ही, +३व्ही३, व्हीबस अशी बरीच सिम्बॉल तयार आहेत, तीच घ्या. हवं ते नसेल तर जवळचं कुठलंही घेऊन त्याची व्हॅल्यू बदला, नवीन व्हर्जनमध्ये व्हॅल्यू बदलली की नेटचं नाव बदलतं. जुन्या व्हर्जनमध्ये मात्र इथे मोठा घोळ होता, तिथे नेटचं नाव सिम्बॉलच्या आतल्या लपलेल्या पिनच्या नावावरून ठरायचं, त्यामुळे +५व्ही चं सिम्बॉल घेऊन व्हॅल्यूत +९व्ही टाकलं तर स्क्रीनवर +९व्ही दिसायचं आणि आत ते +५व्ही लाच जोडलेलं असायचं. जुना प्रोजेक्ट किंवा कुणाची जुनी लायब्ररी वापरत असाल तर पिनचं नाव एकदा उघडून बघा. आल्टियम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर पोर्टचं नाव तेवढं महत्त्वाचं, त्याची बार, बाण, गोल अशी जी स्टाइल असते ती दिसण्यापुरती. बहुतेक सगळीकडे तत्त्व हेच आहे, तपशील आपापल्या सॉफ्टवेअरचा बघून घ्यायचा.

कीकॅडमधला आणखी एक सापळा म्हणजे लायब्ररीत +३.३व्ही आणि +३व्ही३ अशी दोन्ही सिम्बॉल आहेत, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती दोन निराळी नेट आहेत. एका शीटवर एक वापरलं, दुसऱ्यावर दुसरं, की अर्ध्या बोर्डाला सप्लायच नाही. मी कायम ३व्ही३ वालं वापरतो. दशांश चिन्हाच्या जागी अक्षर टाकायची ही पद्धत रेझिस्टरच्या ४के७ सारखीच आहे, प्रिंट लहान झाली किंवा पीडीएफ धूसर आली की टिंब उडतं आणि ३.३ चे ३३ होतात, अक्षर उडत नाही. तुम्ही दुसरं वापरलंत तरी चालेल, पण प्रोजेक्टभर एकच.

आता नावं काय द्यायची. हे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे आणि यावर दोन डिझायनर भांडू शकतात. माझा हिशोब असा की जी लाइन रेग्युलेटरने पक्की धरून ठेवलीय तिला आकड्याचं नाव द्यायचं आणि जिचं व्होल्टेज हलतं तिला कामाचं. लिथियम आयन सेल पूर्ण चार्जला ४.२ असतो आणि उतरत उतरत ३ च्या आसपास येतो, त्याला +३व्ही७ म्हणणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल, त्याला व्हीबॅट म्हणावं. यूएसबीची लाइन व्हीबस, कारण यूएसबी २.० च्या हिशोबात लो पॉवर पोर्टवर ती ४.४ पर्यंत खाली येऊ शकते. व्हीसीसी आणि व्हीडीडी ही नावं मात्र मल्टी सप्लाय बोर्डावर नेटसाठी मी वापरतच नाही. ती आयसीच्या पिनांची नावं म्हणून ठीक आहेत, पिन व्हीडीडी आणि तिला जोडलेली नेट +३व्ही३, असं दिसलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं. नेटचंच नाव व्हीसीसी असेल तर प्रत्येकजण आपल्या मनातलं व्होल्टेज त्यात वाचतो.

तुमच्या सर्किटमध्ये खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. तीन व्होल्टेजला तीन नावं दिली की काम झालं असं वाटतं, पण नावं व्होल्टेज मोजून द्यायची नसतात. सप्लायच्या वाटेत जिथे जिथे एखादा पार्ट मधे येतो तिथे नाव बदललं पाहिजे. फ्यूज बघा. ॲडाप्टरच्या जॅकवर १२ व्होल्ट, फ्यूजच्या पलीकडेही १२ व्होल्टच, म्हणून दोन्ही बाजूंना +१२व्ही चं सिम्बॉल लावलं की सॉफ्टवेअरने फ्यूज शॉर्ट केला. स्कीमॅटिकमध्ये फ्यूज दिसतो, पार्ट लिस्टमध्ये येतो, बोर्डावर सोल्डरही होतो, आणि त्याच्या खालून कॉपर सरळ निघून जातं. ईआरसी यावर सहसा काही बोलत नाही, कारण दोन पिनांच्या पॅसिव्ह पार्टच्या दोन्ही पिना एकाच नेटवर असणं हा त्याच्या नियमात गुन्हा नाही. फेराइट बीड, करंट मोजायचा शंट रेझिस्टर, उलट पोलॅरिटीसाठी लावलेला डायोड किंवा पी चॅनल मॉसफेट, लोड स्विच, जंपर, सगळ्यांचं असंच. शंटचं तर आणखी वाईट, बोर्ड चालतो, फक्त करंटचं रीडिंग कायम शून्याच्या आसपास येतं आणि माणूस फर्मवेअर तपासत बसतो.

म्हणून तुमच्याकडे जॅकपासून फ्यूजपर्यंत व्हीइन_रॉ, फ्यूज ते डायोड व्हीइन_फ्यूज, आणि डायोडनंतर +१२व्ही, अशी तीन नावं हवीत. मधल्या छोट्या तुकड्याला पॉवर सिम्बॉल लावायची गरज नाही, साधं लोकल लेबल पुरे, कारण ती लाइन त्या कोपऱ्याबाहेर कुठे जात नाही. पॉवर सिम्बॉल फक्त त्याच लाइनला द्या जी बोर्डभर वाटायचीय. याचा एक फायदा असाही की रिले व्हीइन_रॉ वर लागलाय की +१२व्ही वर, म्हणजे संरक्षणाच्या आधी लागलाय की नंतर, हे नुसतं नाव वाचून कळतं.

५ व्होल्टचं पण बघा. बकचे ५ आणि यूएसबीचे ५ असे दोन सोर्स आहेत आणि दोघांना +५व्ही नाव दिलंत तर ते थेट जोडले जातील, ॲडाप्टर चालू असताना कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये उलटा करंट ढकलला जाऊ शकतो. साधा उपाय म्हणजे दोन शॉटकी डायोड (कमी व्होल्टेज खाणारे), एक बककडून, एक यूएसबीकडून, दोन्हींचे कॅथोड एकत्र. मग नावं झाली ५व्ही_बक, व्हीबस आणि एकत्र झाल्यावर व्हीसिस. शेवटच्याला मी मुद्दाम +५व्ही म्हणत नाही. डायोडमध्ये ०.३ ते ०.४ व्होल्ट जातात, म्हणजे तिथे साधारण ४.६ ते ४.७ आहेत, आणि यूएसबी कमकुवत असेल तर ४ च्या थोडं वर. आता तुमचा एलडीओ जर एएमएस१११७ प्रकारातला असेल तर त्याला पूर्ण लोडला वर १.१ ते १.३ व्होल्ट लागतात, ४.१ मधून ३.३ निघायचे नाहीत, ईएसपी३२ वायफाय चालू करताना रीसेट होत राहील. नाव +५व्ही असतं तर कुणाच्या डोक्यातही आलं नसतं की इथे ५ नाहीयेत. व्हीसिस वाचलं की माणूस थांबून विचारतो, हे नक्की किती. (कमी ड्रॉपआउटचा एलडीओ घ्या किंवा शॉटकीऐवजी आयडियल डायोड किंवा पॉवर मक्स आयसी, तो वेगळा विषय.)

ईआरसीच्या तक्रारीकडे येऊ. आयसीची व्हीडीडी पिन लायब्ररीत "पॉवर इनपुट" प्रकारची असते आणि कीकॅडचा नियम असा की तिच्या नेटवर कुठेतरी "पॉवर आउटपुट" प्रकारची पिन हवी. रेग्युलेटरची आउटपुट पिन सहसा तशी असते, पण कनेक्टरची पिन पॅसिव्ह असते, फ्यूज आणि फेराइट पण पॅसिव्ह. तुमचा बक आयसी आणि एलडीओ आयसी यांच्या इनपुटला सप्लाय शेवटी कनेक्टरमधून, पॅसिव्ह पार्टमधून येतोय, सॉफ्टवेअरला तो येताना दिसत नाही. त्यासाठी पीडब्ल्यूआर_फ्लॅग नावाचं सिम्बॉल आहे, त्यात फक्त एक पॉवर आउटपुट पिन असते आणि ते सांगतं की बाबा रे, इथे सप्लाय येतो, माझी जबाबदारी. ग्राउंडलाही एक लागतो, ग्राउंडही कनेक्टरमधूनच येतं.

लोक इथे वैतागून प्रत्येक लाइनवर फ्लॅग लावत सुटतात, ते करू नका. एक तर जिथे आधीच रेग्युलेटरची पॉवर आउटपुट पिन आहे तिथे फ्लॅग लावला की दोन पॉवर आउटपुट एकमेकांना जोडले म्हणून नवी एरर येते. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, मघाशी म्हटलं तसं कुणी एका शीटवर +३.३व्ही आणि दुसऱ्यावर +३व्ही३ टाकलं, तर त्या अनाथ लाइनची खबर ईआरसीच तुम्हाला देतं, "ही ड्रिव्हन नाही" म्हणून. त्यावर फ्लॅग चिकटवला की तुम्ही पहारेकऱ्यालाच झोपवलंत. फ्लॅग लावायच्या आधी दर वेळी स्वतःला विचारा की या नेटवर सप्लाय नक्की कुठल्या पिनमधून येतो, बोट ठेवून दाखवता आलं तरच लावा. तुमच्याकडे +१२व्ही, व्हीसिस आणि ग्राउंड एवढे तीन पुरतील असं दिसतंय, बकमध्ये आउटपुट इंडक्टरमधून येत असेल आणि ५व्ही_बक वर थेट कुठली पॉवर इनपुट पिन नसेल तर तिथे लागणारही नाही. तुमच्या सिम्बॉलमधल्या पिनांचे प्रकार मला दिसत नाहीत त्यामुळे एखादा इकडेतिकडे होईल.

लपलेल्या पॉवर पिनांबद्दलही सांगतो, सध्या तुमच्याकडे नसल्या तरी लेव्हल बदलायला ७४ सिरीजचा एखादा आयसी टाकाल तेव्हा हे लागेल. जुन्या लायब्ऱ्यांमध्ये लॉजिक गेटच्या सिम्बॉलला व्हीसीसी आणि जीएनडी पिना लपवलेल्या असायच्या आणि त्या आपोआप त्याच नावाच्या नेटला जोडल्या जायच्या. सगळा बोर्ड ५ व्होल्टवर चालायचा त्या काळात ती सोय होती. आज एक ७४एचसी ३.३ वर आणि दुसरा ५ वर असेल तर दोन्हींच्या लपलेल्या पिना व्हीसीसीवर जाऊन बसतात आणि तुम्हाला कागदावर काही दिसत नाही. आताच्या कीकॅड लायब्ररीत गेटचा पॉवर भाग वेगळ्या युनिटमध्ये उघड काढलेला असतो, एलएम३५८ सारख्या ऑपॲम्पचंही तसंच, फक्त ते युनिट शीटवर ठेवायला विसरू नका, नाहीतर आयसीला सप्लायच नाही.

आता सिग्नल. सप्लाय लाइन नीट वेगळ्या केल्या तरी ५ व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरची एको पिन तुम्ही ईएसपी३२ च्या पिनला सरळ जोडलीत तर कुठलंच ईआरसी तुम्हाला अडवणार नाही, आउटपुट इनपुटला जोडलाय, त्याच्या मते सगळं छान. म्हणून जिथे एक सिग्नल एका व्होल्टेजच्या हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जातो तिथे मी सिग्नलच्या नावातच ते टाकतो, एको_५व्ही आणि डिव्हायडरनंतर एको_३व्ही३. १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर ५ चे ३.३३ करतो, एवढ्या संथ सिग्नलला पुरेसं आहे. उलट दिशेने, म्हणजे ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टवरच्या ७४एचसी आयसीला दिलात तर त्याला हाय म्हणून ३.५ लागतात, कागदावर तरी ते बसत नाही, तिथे ७४एचसीटी घ्यायचा, तो २ व्होल्टलाच हाय मानतो. दोन सप्लायचे लेव्हल शिफ्टर असतात त्यांच्या व्हीसीसीए आणि व्हीसीसीबी पिना तर दोनदा तपासा, अदलाबदल फार सहज होते. आय२सी बसचे पुलअप रेझिस्टर कुठल्या लाइनवर गेलेत तेही बघा, बसचं व्होल्टेज शेवटी तोच रेझिस्टर ठरवतो.

ग्राउंडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तेच बरं केलंत. खरं आयसोलेशन नसेल तर एकच जीएनडी ठेवा. लायब्ररीत जीएनडीए, जीएनडीडी अशी सिम्बॉल दिसली म्हणून वापरायची नसतात, ती वेगळी नेट आहेत आणि कुठेतरी एका जागी जोडली नाहीत तर अर्धं सर्किट तरंगत राहतं. आणि थेट वायरने जोडलीत तर दोन्ही एकच नेट होतात, वेगळेपण गेलंच. ते ठेवायचं असेल तर मधे नेट टाय नावाचा पार्ट टाकावा लागतो. तुमच्या बोर्डाला यातलं काही नको.

पुढेमागे शीटची संख्या वाढली तर एवढं लक्षात असू द्या: पॉवर सिम्बॉल ग्लोबल आहे. एकच हायरार्किकल शीट (मुख्य शीटच्या आत बसवलेलं उपशीट) तीनदा वापरायचं आणि त्यातल्या एका चॅनलला ५ व्होल्ट, बाकीच्यांना १२ द्यायचे असतील तर शीटच्या आत पॉवर सिम्बॉल चालणार नाही, तिन्ही प्रतींत एकच नाव जाईल. तिथे सप्लायसुद्धा हायरार्किकल लेबलने आत घ्यायचा आणि बाहेरून जो हवा तो जोडायचा. एकाच व्होल्टेजवर चालणाऱ्या साध्या बोर्डाला हा खटाटोप नको, तिथे ग्लोबलच वाचायला सोपं.

मी पहिल्या शीटच्या कोपऱ्यात पॉवर ट्री काढून ठेवतो, नुसते चौकोन आणि बाण, प्रत्येक लाइनचं नाव, कुठून येते, कमीत कमी आणि जास्तीत जास्त व्होल्टेज, किती करंट. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते निव्वळ टेक्स्ट, पण चुकीचे निर्णय तिथे उघडे पडतात. उदाहरणार्थ ईएसपी३२ साठी ५०० मिलिॲम्प देऊ शकेल असा सप्लाय ठेवा असं त्याची कंपनीच सांगते. बकनंतरचे पूर्ण ५ धरले तर ३.३ काढताना एलडीओवर १.७ गुणिले ०.५ म्हणजे ०.८५ वॉट उष्णता. तोच एलडीओ कुणी "जागा वाचते" म्हणून थेट +१२व्ही वर लावला तर ८.७ गुणिले ०.५, म्हणजे ४.३५ वॉट, त्या छोट्या पॅकेजला ते झेपणार नाही. नेटचं नाव बदलायला एक क्लिक लागते, म्हणूनच ही चूक घडते आणि ट्रीमध्ये बाण कुठून निघतो हे बघितल्यावरच दिसते. हीच नावं पुढे नेट क्लासलाही कामी येतात, व्हीइन ने सुरू होणाऱ्या सगळ्या नेटना जाड ट्रॅक असा पॅटर्न एकदा लावला की राउटिंग करताना आठवण ठेवावी लागत नाही.

तर तुमच्या फाइलवर आता असं करा. सगळी व्हीसीसी सिम्बॉल डिलीट करा, एकेक करून बदलत बसू नका, एखादं राहतंच. मग जॅकपासून सुरुवात करून वाटेतल्या प्रत्येक पार्टनंतर नाव देत खाली या, रिले, सेन्सर, ईएसपी३२ आपापल्या लाइनला लावा, आणि मगच ईआरसी चालवा. दोन नावं एकाच नेटवर आलीयत अशी वॉर्निंग दिसली तर ती सोडून देऊ नका, तिचा अर्थ दोन सप्लाय कुठेतरी अजून चिकटलेत. ईआरसी साफ आलं तरी फ्यूजवाली भानगड त्यात दिसत नाही, म्हणून नेट हायलाइट टूलने एकेक लाइन उजळून बघा. व्हीइन_रॉ वर जॅक आणि फ्यूजची एकच पिन उजळली पाहिजे. +१२व्ही वर डायोडचा कॅथोड, रिलेची कॉइल, तिच्यावरच्या फ्लायबॅक डायोडचा कॅथोड आणि बकचं इनपुट. व्हीबसवर यूएसबी कनेक्टर आणि शॉटकीचा ॲनोड, आणि त्याच्याबरोबर एलडीओ उजळला तर शॉटकीच्या दोन्ही बाजूंना एकच नाव पडलंय, तिथेच शोधा.